शेवटच्या कडव्यातलं नाव

श्रीमंत साळवे माझा दोस्त, आणि असा गाढव माणूस मी दुसरा पाहिला नाही. गाढव म्हणतो ते मायेनं. त्याच्या गाढवपणात माझाही वाटा आहे, म्हणून तर हे लिहायला बसलो.

घोडेगावच्या बाजारात तो जनावरं टेम्पोत चढवायचा आणि भीमजयंतीला गावोगाव गायचा. ढोलकी माझी. मुंबईचे नामी गायक महेंद्र आणि आमचा श्रीमंत, डोळे मिटून ऐकलं तर फरक कळायचा नाही. स्वतः गाणीही रचायचा. सगळा जीव होता तो आईवरच्या गाण्यात. त्याच्या आईनं, भीमाबाईंनी, गवताचे भारे विकून त्याला शाळेची पाटी घेतली होती, त्याचीच ती हकीकत. कवी शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो, तसं त्यानंही गुंफलं होतं: ‘श्रीमंत म्हणे, माझ्या माईनं भारा विकून पाटी आणली.’

पंच्याण्णव साली नगरच्या एका कॅसेटवाल्यानं आम्हाला बोलावलं. धंदा डुप्लिकेटचा. महेंद्र यांची गाजलेली गाणी श्रीमंतकडून गाऊन घ्यायची आणि कव्हरवर फोटो महेंद्र यांचा छापायचा. श्रीमंतची अट एकच, आईचं गाणं त्यात घ्यायचं.

“घेऊ की,” शेठ म्हणाला. “फक्त शेवटी ‘महेंद्र म्हणे’ असं म्हण. फोटो त्यांचा आन् नाव तुझं, गिऱ्हाईक काय म्हणंल?”

श्रीमंत माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, “म्हण की रं. गाणं तर गावोगाव जाईल. नाव पुढच्या कॅसेटला येईल.” खोटं कशाला बोलू, आपली ढोलकी कॅसेटात वाजणार म्हणून मी हुरळलो होतो. हुरळली मेंढी अन् लागली लांडग्याच्या पाठी, तसली गत.

कॅसेट तुफान चालली. रिक्षात तीच, रसवंतीत तीच. आम्ही आपले खूश.

पुढच्या जयंतीला शेजारच्या तालुक्यातल्या एका गावानं आम्हाला बोलावलं. तिथं आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. भीमाबाई हौसेनं सोबत आल्या. पोरानं आपल्यावर रचलेलं गाणं त्यांना मंडपात ऐकायचं होतं. पुढच्याच सतरंजीवर बसल्या. गाणं सुरू झालं तसे लोकही म्हणू लागले, सगळ्यांना तोंडपाठ. श्रीमंत नुसता फुलला होता. शेवटच्या कडव्याला त्यानं ‘श्रीमंत म्हणे’ म्हटलं आणि मंडप एकदम गप्प झाला.

एकजण उठला. “ओ गायक, गाणं महेंद्रदादांचं हाय. त्यात सोताचं नाव का घालता?”

“माझंच हाय दादा. कॅसेटातला आवाज बी माझाच.”

लोक हसले. “आवाज काढतो म्हणून महेंद्र झाला व्हय?” मागून कुणीतरी ‘चोर’ असं ओरडलं.

श्रीमंतनं माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी मी उठून खरं सांगायला हवं होतं. पण डुप्लिकेट कॅसेटात वाजवलंय, उद्या पोलीस दारात आले तर? मी मान खाली घातली आणि ढोलकीवर थाप मारली. लाज वाटते मला त्या थापेची. तिच्यावरच त्यानं डोळे मिटून कडवं पुन्हा घेतलं: ‘महेंद्र म्हणे, माझ्या माईनं...’

टाळ्यांनी मंडप दणाणला. भीमाबाईंचे हात मांडीवरच राहिले.

येताना टेम्पोत त्या आमच्याकडे पाठ करून बसल्या. उन्हं कलताना आम्ही फाट्यावर पोचलो. श्रीमंतनं खाली उतरून त्यांना हात दिला, पण त्यांनी तो धरला नाही. दांडीला धरून एकट्याच उतरल्या.

“आये, लोक चोर म्हनत हुते गं,” तो म्हणाला.

“म्हनू द्यायचं हुतं,” भीमाबाई म्हणाल्या. “भर मंडपात मला दुसऱ्याच्या नावावर केलंस की रं.”