पासष्टावी आठवण

ऑफिसात तिला सगळे 'गजर' म्हणत. हे टोपणनाव इतकं अंगवळणी पडलं होतं की कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर ती मागे वळून बघायची, कोणाला बोलावताहेत म्हणून. औषधांची आठवण करून देणारं मोबाइल ॲप तिची छोटीशी कंपनी बनवत होती, आणि त्यातला फोन वाजवण्याचा सगळा भाग ती एकटी सांभाळायची. कुणाची गोळी किती वाजता, कुणाचे डोळ्यांतले थेंब किती वाजता, हे फोनकडे आधीच नोंदवून ठेवायचं आणि वेळ झाली की फोनने आपणहून वाजायचं. दिसायला सोपं काम. पण तिच्याइतकं भीत भीत ते दुसऱ्या कुणी केलं नसतं.

भिण्याची तिला लहानपणापासूनच सवय. कुलूप लावून जिना उतरली की अर्ध्यातून परत वर जायची आणि कुलूप ओढून बघायची. त्याला कारणही तसंच होतं. तिचे वडील पुस्तकबांधणीचं काम करायचे. दुकानात कागदाच्या थप्प्या कापायचं जुनं मशीन होतं. एका हाताने कळ दाबायची, दुसऱ्या हाताने थप्पी सरकवायची, आणि वरून हातभर लांबीचं पातं खाली यायचं. आणि वडिलांना फिट यायची. आई लवकर गेली, तेव्हापासून, म्हणजे वयाच्या दहाव्या वर्षापासून, वडिलांना गोळीची आठवण करणं हे तिचं काम. एकदा शाळेच्या सहलीच्या गडबडीत ती सकाळची गोळी विसरली. त्या दिवशी वडील मशीनपाशी कोसळले. डाव्या करंगळीचं वरचं पेर गेलं.

वडील त्यावरून तिला एका शब्दाने बोलले नाहीत. उलट दुकानात येणाऱ्याला हात दाखवून म्हणायचे, "नऊ शाबूत आहेत, पाहुणे. तुमची पुस्तकं वेळेवर मिळतील." ती मात्र आजही कुणाचा हात हातात आला की आधी बोटं मोजायची.

हे ॲप तिने मनातल्या मनात वडिलांसाठीच बनवलं होतं. तरी त्यांच्या फोनवर चढवायला तिला दोन वर्षं धीर झाला नव्हता. मग गेल्या महिन्यात एक प्रसंग घडला. सकाळची गोळी घेतली की नाही हे न आठवल्याने वडिलांनी ती दोनदा घेतली आणि दिवसभर भिंत धरून चालत राहिले. तेव्हा तिने मनाचा हिय्या केला. एका मंगळवारी भल्या सकाळी ती घरी गेली, फिटची गोळी दिवसातून तीनदा, साखरेची दोनदा, रक्तदाबाची एकदा, थेंब दोनदा असं सगळं भरलं आणि वडिलांना बजावलं, "बाबा, आता डोकं चालवायचं नाही. फोन वाजला आणि त्यावर गोळीचं नाव आलं की घ्यायची. वाजला नाही तर घ्यायची नाही. डॉक्टरांनी काही कमी-जास्त केलं तर मी इथून बदलेन."

"म्हणजे आता मला डोकं नको, फोन पुरे," वडील म्हणाले. "तुझ्या आईचंही हेच मत होतं. फक्त तेव्हा फोन नव्हता."

आणखी एक गोष्ट त्यांनी तिच्याकडून करून घेतली. पात्याखाली हात असताना फोन खणखणला की दचकायला होतं, म्हणून दिवसा सगळे कॉल मुके केले. आवाज ठेवला तो फक्त ॲपचा, बारीक घंटीसारखा.

त्यानंतरच्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला, मदतकक्षातल्या मावशी तिच्या टेबलापाशी आल्या. ग्राहकांची पत्रं वाचायचं काम त्यांचं. त्या हसत होत्या.

"गजर, ऐक गं. आज तक्रार नाही, कौतुक आलंय. एक आजी लिहितात, 'तुमचं ॲप फार गुणाचं. परवापासून फोन वाजत नाही, म्हणजे डॉक्टरांनी माझ्या गोळ्या बंद केल्या वाटतं. देव तुमचं भलं करो.'"

मावशी पुन्हा हसल्या. गजर हसली नाही. 

"मावशी, आजींच्या दिवसाला किती नोंदी आहेत?"

"आठ की काय. का गं?"

तिने आजींची माहिती उघडली. दिवसाला आठ. आठ दिवस बिनबोभाट वाजलेल्या. नवव्या दिवसापासून चिडीचूप. आठ आठे चौसष्ट.

चौसष्ट हा आकडा तिने कुठे तरी वाचला होता. आता तिने तो शोधून पुन्हा वाचला, बोट ठेवून, शाळकरी मुलीसारखा. त्यांचं ॲप ज्या फोनवर चालायचं, तो एका ॲपच्या पुढच्या चौसष्टच आठवणी सांभाळतो. जास्त दिल्या तर जवळच्या चौसष्ट ठेवतो आणि बाकीच्या टाकून देतो. चूक दाखवत नाही, तक्रार करत नाही. तिने मोठ्या विश्वासाने तीस दिवसांच्या आठवणी एकदम देऊन ठेवल्या होत्या. ॲप उघडलं की यादी पुन्हा भरली जायची, हे खरं. पण म्हाताऱ्या माणसांना ॲप उघडायचा त्रास नको म्हणून घंटीसोबतच 'घेतली' असं बटण दिसायची सोय तिनेच केली होती. त्या सोयीचा तिला केवढा अभिमान! त्या बटणामुळे कित्येक जण ॲप कधी उघडतच नव्हते.

आणि चाचणीत हे कळलं कसं नाही? चाचणीच्या फोनमध्ये तिचा एक काल्पनिक रोगी होता, दिवसाला दोन गोळ्या घेणारा. तीस दिवसांच्या साठ. चौसष्टाच्या आत. तो रोगी दोन वर्षं ठणठणीत होता.

मग तिला मंगळवार आठवला. तीन, दोन, एक, दोन. आठ. परवाच्या मंगळवारी रात्री बाबांची चौसष्टावी घंटी वाजली. काल फिटच्या तीन गोळ्या चुकल्या. आज सकाळची चौथी. आणि बाबा डोकं चालवणार नाहीत, कारण तसं तिनेच बजावलं होतं.

तिने फोन लावला. वाजत राहिला. तिकडे तो मुका आहे हे माहीत असूनही तिने सात वेळा लावला. दुकानाशेजारी एक चष्मेवाला होता. वर्षानुवर्षं त्याला हात हलवून ती आत जायची, पण त्याचा नंबर तिने कधी घेतला नव्हता.

बाबांचा फोन एकाच गोष्टीला वाजणार होता, ॲपच्या घंटीला. ती थेट टीमप्रमुखांकडे गेली आणि एका दमात सगळं सांगितलं. सर्व्हरवरून सगळ्यांना एकदम संदेश पाठवायची सोय होती, सणावाराच्या शुभेच्छांसारख्या कामांना ठेवलेली. तिला ती आत्ता हवी होती.

टीमप्रमुखांच्या कपाळावर घाम आला. "पाठवू. पण 'नवीन सुधारणा, कृपया ॲप उघडा' असं लिहू. बारा हजार लोक आहेत. उगाच सगळ्यांना घाबरवायचं का?"

"हो सर. घाबरवायचंच."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. गेल्या दोन वर्षांत ती त्यांच्यापुढे मान वर करून बोलली नव्हती. "लिही," ते म्हणाले.

तिने लिहिलं, 'आमच्या चुकीमुळे तुमच्या औषधांच्या आठवणी थांबल्या असतील. ॲप लगेच उघडा. चुकलेल्या औषधांबद्दल डॉक्टरांना विचारा.' बटण दाबलं. पडद्यावर ॲप उघडणाऱ्यांचा आकडा वाढू लागला. शंभर, चारशे, नऊशे. बाबांच्या नावापुढे काहीच नव्हतं. पाच मिनिटं तिने त्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि मग पर्स न घेताच जिना उतरली. आज कुलूपबिलूप काही आठवलं नाही.

रिक्षात पंचवीस मिनिटं लागली. चालकाने दोनदा विचारलं, "ताई, बरं वाटत नाही का?" ती ओठांतल्या ओठांत मोजत होती. चार गोळ्या. दोन वाजता पाचवी.

दुकान असलेल्या गल्लीच्या तोंडाशीच तिला आवाज आला. धप्. मग थोडी शांतता. धप्. मशीन चालू होतं. म्हणजे बाबा उभे होते. आणि मशीन चालू होतं, म्हणजे हात पात्याखाली होते. 

ती धावत दारापर्यंत आली आणि तिथेच थिजली. बाबा पाठमोरे उभे होते. आता हाक मारायची नव्हती. पात्यापाशी असलेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, हे ती वाचायला शिकायच्या आधी शिकली होती. धप्. बाबांनी थप्पी फिरवली. तेव्हा तिला त्यांचा डावा अंगठा दिसला. तो फडफडत होता, जाळीत अडकलेल्या पाखरासारखा, आणि बाबांचं त्याकडे लक्षच नव्हतं. करंगळी गेली त्या दिवशीही आधी अंगठाच फडफडला होता, असं तिने नंतर ऐकलं होतं.

मुख्य बटण दाराच्या आतल्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर. पण पातं खाली येताना वीज तोडली तर ते मध्येच कुठे अडकेल, कुठे घसरेल, सांगता येत नव्हतं. पातं पुरतं वर जाऊन आपल्या खाचेत बसलं की 'खट्' असा आवाज येतो. तो ऐकायला हवा होता. तिने हात बटणावर ठेवला. तळवा घामाने निसटत होता. बाबांनी कळ दाबली. पातं खाली आलं. धप्. अंगठा कागदावर टकटक करत होता, पात्यापासून चार बोटांवर. पातं वर निघालं. किती सावकाश!

खट्.

तिने बटण खाली ओढलं. मशीनचा घुरघुराट विझला.

"कोण आहे रे तिकडे? मीटरचं काम काढलंय का?" बाबा वळले. "तू? आणि अशी काय दिसतेस, भूत बघितल्यासारखी?"

"बाबा, इकडे या. मशीनपासून लांब या. गोळी घेतली का?"

"वाजलं नाही."

"मघाशी वाजलं ना? मी पाठवलेलं?"

"वाजलं. बघितलं. त्यावर गोळीचं नाव नव्हतं." बाबांनी शहाण्या विद्यार्थ्यासारखं सांगितलं. "नाव असेल तरच घ्यायची, तूच म्हणालीस. मी डोकं चालवलं नाही."

ती काही बोलणार इतक्यात त्यांची मान एका बाजूला ओढली गेली. तिने धावत जाऊन त्यांना काखेत हात घालून धरलं, रद्दी कागदाच्या ढिगावर खाली घेतलं, कुशीवर वळवलं, चष्मा काढला, डोक्याखाली स्वतःची ओढणी दिली. मग बाकी काही करायचं नसतं. फक्त वेळ बघायची असते. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. वीस सेकंद. पन्नास. एक मिनिट दहा. आयुष्यभर ती वेळ मोजत आली होती, पण एवढा लांब वेळ तिने मोजला नव्हता. दोन मिनिटं पुरी व्हायच्या आत त्यांचे हात सैल पडले आणि श्वास घोरल्यासारखा चालू लागला.

तिने त्यांचा डावा हात उचलला. मग उजवा. मोजलं.

अर्ध्या तासाने बाबा भिंतीला टेकून बसले होते. डॉक्टरांशी तिचं फोनवर बोलणं झालं होतं, त्यांनी सांगितलेली गोळी बाबांनी घेतली होती, आणि शेजारचा चष्मेवाला पाणी घेऊन दारात उभा होता. त्याचा नंबर तिने आधी घेतला.

"किती?" बाबांनी जड जिभेने विचारलं.

"नऊ."

"मग रडतेस काय?"

"माझी चूक होती, बाबा. तेव्हाही आणि आताही."

 बाबांनी तिच्या हातातल्या आपल्या फोनकडे बोट दाखवलं. "ते वाजलं नाही तर मी काय समजायचं, हे ठरवून दे मला. गोळी बंद झाली समजायचं, की तू विसरलीस समजायचं?"

 दोन वर्षांत तिने फोन कधी वाजावा याचाच विचार केला होता. तो वाजला नाही तर समोरच्याने काय करावं, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तिने मशीनवरचा जाड खडू उचलला आणि पात्याच्या वरच्या लोखंडी पट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'फोन वाजला नाही तर मशीन बंद. मला फोन.' त्याखाली आपला नंबर, आणि त्याखाली चष्मेवाल्याचा.

"अक्षर तुझ्या आईसारखं आहे," बाबा म्हणाले. "ओरडल्यासारखं."

तिचा फोन थरथरला. टीमप्रमुखांचा निरोप होता. साडेनऊ हजार लोकांनी ॲप उघडलं होतं. ती अडीच हजारांचा विचार करू लागली. त्यांतल्या प्रत्येकाचा फोन या क्षणी कुठल्या तरी फळीवर शांत पडला असेल, आणि शेजारी कुणी तरी मन लावून आपलं काम करत असेल.

तिने मावशींना फोन लावला. "मावशी, उरलेल्यांची यादी काढा. नंबरासकट. आपण एकेकाला फोन करायचाय. आधी त्या आजींना."

दोन वाजले. बाबांच्या फोनमधून बारीक घंटी वाजली, कारण त्यातलं ॲप तिने स्वतःच्या हाताने उघडून ठेवलं होतं. तरीही दोघंही दचकले.