घडी न मोडलेला हत्ती

दादानं दिलेला हत्ती माझ्याकडे अजून आहे. जुन्या पाचशेच्या नोटेचा, सोंड वर केलेला. कात्री नाही, गोंद नाही, नुसत्या घड्या. बाजारात त्याला आता कुणी विचारणार नाही, आणि माझ्या लेखी त्याची काय किंमत उरली तेही मला धड सांगता येत नाही.

दादा अमरावतीला एका पतसंस्थेत कॅशियर आहे, मी अकोल्यात दिलेली. भाऊबीजेला तो बडनेऱ्याहून गाडी धरून येतो. मी पाट मांडते, ओवाळते, आणि तो खिशातून चष्म्याची डबी काढतो. डबीत चष्मा नसतो, ओवाळणी असते. कोऱ्या करकरीत नोटेचं केलेलं काहीतरी. एका वर्षी होडी, एका वर्षी फुलपाखरू, एकदा मासा. गाडीच्या गर्दीत चेपू नये म्हणून ती डबी.

याची सुरुवात लहानपणी झाली. आईनं ओवाळणीसाठी दादाच्या हातात दहाची नोट दिली. हा पठ्ठ्या शाळेतून काहीतरी शिकून आलेला. माझ्यासमोर मांडी घालून त्यानं त्या नोटेचा शर्ट केला. एक कॉलर वर, एक खाली. मी तो घरभर मिरवला. संध्याकाळी आईनं तो उलगडून घेतला, कारण दूधवाल्याला द्यायला घरात तेवढीच नोट होती. मी भोकाड पसरलं. दादा म्हणाला, "रडू नको वो. मोठा झालो का दरवर्सी देईन तुले. मंग कोनी उलगडनार नाई."

नोकरी लागल्यावर तो खरंच देऊ लागला. मी एकही उलगडला नाही. नवी साडी आली की आपल्यात घडी मोडायला जिवाभावाच्या बाईला देतात. मी उलटं केलं, जिवाभावाच्या माणसानं घातलेली घडी कुणाला मोडूच दिली नाही. सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. गांधीजींचा चष्मा प्रत्येकात बरोबर दर्शनी यायचा, माशात आणि हत्तीत तर थेट डोळ्याच्या जागी. ही आमच्या दादाची सही, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. दादा शेजारी बसून चिवडा खात असायचा आणि मान हलवायचा.

नोटबंदी आली तेव्हा डब्यात तो पाचशेचा हत्ती होता. नवरा म्हणाला, "एक नोट तं हाय. उलगड अन् भरून टाक ब्यांकेत." मी म्हणाले, ही नोट नाही, माझ्या भावाची बोटं आहेत. घरात अबोला झाला, मुदत निघून गेली, हत्ती डब्यातच राहिला. पुढच्या भाऊबीजेला मी हे सगळं दादाला रंगवून सांगितलं, डोळे पुसत. त्यानं ऐकून घेतलं आणि वर म्हणाला, "आता नव्या नोटा लहान आल्या ना, मापच बदललं. हत्तीची सोंड बसूनच नाई राह्यली." मी हळहळले. त्याला दोन अनारसे जास्त वाढले.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या मुलीचं लग्न लागलं. मुलीकडच्यांनी रुखवत मांडलं होतं आणि ते पाहायला बायकांची ही गर्दी. शंकरपाळ्यांचं तुळशीवृंदावन, मण्यांची बैलगाडी, आणि मधोमध नोटांची वरात. वरातीच्या पुढे हत्ती. नव्या पाचशेच्या नोटेचा. सोंड वर, डोळ्याच्या जागी चष्मा.

"हे कोनं केलं वो?" मी नवरीच्या मावशीला विचारलं.

"अमरावतीले एक बाई हाय. नोटा आपल्या द्याच्या, घड्या घालून देते."

माझं डोकंच फिरलं. "चोरी हाय हे," मी म्हणाले. "माह्या भावाचा हत्ती हाय हा."

बायका वळून बघायला लागल्या. राग आला की मला गप्प बसता येत नाही, लगेच पुरावा द्यायचा असतो. मी तिथेच दादाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर सुरू केला. "दादा, इथं एका बाईनं तुहा हत्ती चोरला. सांग यायले."

तिकडे टीव्ही चालू होता. तो कुणीतरी बंद केला.

"चोरला नाई वो," दादा म्हणाला. "मीच तिच्याकून करून घेतो. दरवर्सी. मले वाटलं, तुले माहीत असन."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मावशीनं दया येऊन माझा दंड धरला आणि जेवायला चला म्हणाली. मी जेवले. काय जेवले ते आठवत नाही.

घरी पोचते तोच दादाचा फोन. "एवढं मनावर काहून घेतं? नोट तं माहीच होती ना."

नोट! मी कधी नोट मागितली होती त्याला? मला फसवलं त्यानं. परक्या बाईची बोटं स्वतःची म्हणून माझ्या ताटात घातली आणि दरवर्षी त्यांचं कौतुक ऐकून घेतलं. ते 'माहीत असन'सुद्धा खोटंच. मला माहीत असतं तर त्या हत्तीपायी मी नवऱ्याशी भांडले असते का? त्या भांडणाची गोष्ट माझ्याच घरात बसून ऐकताना तरी त्यानं तोंड उघडायचं होतं. त्याऐवजी सोंडेचं माप सांगत बसला. नवरा यावर एक शब्द बोलला नाही, आणि मला त्याचाही राग आला. डबा मी माळ्यावर टाकला.

दिवाळीत दादा आला. मी पाट मांडला, ओवाळलं. त्यानं खिशातून चष्म्याची डबी काढली तेव्हा मला वाटलं, काय निर्लज्ज माणूस आहे. डबीत दहाच्या नोटेचा शर्ट होता. नोट घड्या घालून-मोडून पार मऊ पडलेली. गांधीजींचा चष्मा पाठीमागे कुठेतरी गेला होता. एक कॉलर वर, एक खाली.

"मीच केला," दादा म्हणाला. "लय येळ लागला."

तो माझ्याकडे बघत होता, लहानपणी शर्ट पुढे करताना बघितलं होतं तसाच. मला त्याच्यावर विश्वास ठेवायचा होता, अगदी मनापासून ठेवायचा होता. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"वाकडा करून द्याचे तिनं जास्त पैसे घेतले काय रे?"

दादानं हातातली करंजी ताटात परत ठेवली. पकडला गेला म्हणून ठेवली की लागलं म्हणून, ते मला कळलं नाही. पूर्वी कळलं असतं.