दुसऱ्या पेल्यातलं औषध

सार्थकच्या रक्तातलं औषध तिसऱ्यांदाही निम्मंच भरलं. ट्रायलचे मुख्य डॉक्टर, आमचे सर, यांनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. "त्याला लागू पडत नाहीये. शुक्रवारी ट्रायलमधून काढू."

ईरा, निनाद, तुमची ही आजी तेव्हा पनवेलच्या एका हॉस्पिटलात ट्रायल कोऑर्डिनेटर होती. ट्रायल म्हणजे नव्या औषधाची माणसांवरची चाचणी. सार्थक नऊ वर्षांचा, चिरनेरच्या बाजूचा. पेशींतला कचरा साफ करणारं एक एन्झाइम त्याच्या शरीरात जन्मापासून बनत नव्हतं. कचरा स्नायूंत साठतो आणि हळूहळू पाय जातात. बाजारात यावर औषध नव्हतं. आमच्याकडे होतं ते एवढंच: रोज एक पाकीट, पाण्यात विरघळवून.

रिकामी पाकिटं घरच्यांनी परत आणायची, मी मोजायची. सार्थकच्या आईचं एकही कधी कमी भरलं नाही. मग औषध जात कुठे होतं? सरांकडे दोन दिवस मागितले. "घ्या. पण पाकिटं पुन्हा मोजत बसू नका, तुमची मोजणी कधी चुकत नाही," ते म्हणाले.

सकाळीच, न कळवता, त्यांच्या घरी गेले. आईने मला चहा दिला आणि औषधाची वेळ झाली म्हणून पाकीट फोडलं. पाण्यात ढवळलं आणि दोन पेल्यांत सारखं ओतलं. रोजचा सवयीचा हात. एक पेला सार्थकला दिला.

"दुसरा कुणाचा?"

तिने तो पेला पदराआड घेतला. तेवढ्यात आतून भिंत धरत एक मुलगी आली. एकोणीस वर्षांची असेल. पाऊल टाकायची ढब हुबेहूब सार्थकची. माझा चहा हातातच राहिला. माझ्या फाइलमध्ये या घराचा वंशवृक्ष होता. त्यात मुलगा म्हणजे चौकोन, मुलगी म्हणजे वर्तुळ. आईवडिलांखाली एकच चौकोन होता. वडिलांनी मूल एकच सांगितलं होतं.

ही योगिता, सार्थकची मोठी बहीण. तिची सोयरीक जमत होती. हॉस्पिटलात नाव लागलं तर मोडेल, म्हणून तिला लपवलं होतं.

"मॅडम, दोगंबी माजीच हायत," आई म्हणाली. "एकाला पाजायचं नि दुसरीला नाय, माज्यानं व्हत नाय."

निम्म्या औषधाने दोघांपैकी कुणाचंच भागत नाही, हे मला सांगावं लागलं. तिने दुसऱ्या पेल्याकडे पाहिलं. "म्हंजे मीच दोगांचं..."

मी सगळं लेखी कळवलं. सरांनी विचारलं, "सात महिने तुम्ही काय पाहत होतात?" एथिक्स कमिटीने, म्हणजे रुग्णांचं हित पाहणाऱ्या समितीने, सार्थकला ट्रायलमध्ये ठेवलं. पूर्ण पाकिटावर महिन्याभरात त्याचा रिपोर्ट बरोबर आला. योगिताचं वय ट्रायलमध्ये बसत नव्हतं. कंपनीने खास परवानगीने तिला औषध दिलं, पण अकरा महिन्यांनी. तोवर तिला वॉकर लागला होता. सोयरीक तिने स्वतःच मोडली.

फाइलमध्ये त्या चौकोनाशेजारी योगिताचं वर्तुळ मी पेनाने काढलं. पाकिटं बरोबर भरली की मी समाधानी असायचे. पाकीट कुणाच्या पोटात गेलं, हे त्यावर लिहिलेलं नसतं. पुढे निवृत्त होईपर्यंत प्रत्येक नव्या कुटुंबाकडे मी आधी चहाला गेले, फॉर्म नंतर भरला.