मातीचा कुकर

मंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. फोन ह्यांनी घेतला, ऐकला आणि "सुटली" एवढंच म्हणाले. एकेका श्वासासाठी चाललेली ताईंची ओढाताण आम्ही दोघांनी पाहिली होती. खरं सांगते, रडू यायच्या आधी मला हायसं वाटलं. मंदाताई म्हणजे माझ्या थोरल्या नणंद. परळच्या एका कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवलं, लग्न केलं नाही आणि गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत आमच्याबरोबरच राहिल्या. त्या आणि त्यांची बुरशी.

मी लग्न होऊन आले तेव्हा स्वयंपाकघरात दोन कुकर होते. एक वरणभाताचा, एक मातीचा. दुसऱ्यात ताई चाळलेली माती शिजवायच्या, तिच्यातलं जिवंत सगळं मरावं म्हणून. मग ती कुंडीत भरायची, जुन्या कुंडीतली मूठभर माती तिच्यात मिसळायची आणि वर ज्वारी पेरायची. हा खटाटोप कशासाठी, हे विचारायचा धीर मला बऱ्याच दिवसांनी झाला. "अगं, ही बुरशी बाटलीत एकटी वाढत नाही," त्या म्हणाल्या. "तिला जिवंत मूळच लागतं. मुळाच्या आत ती घर करते, बाहेर मातीत लांबवर धागे पसरते आणि झाडाला फॉस्फरस आणून देते. झाड तिला साखर देतं. दोघांचं भागतं." ज्वारी वर आली की चार मुळं तोडून त्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळायच्या आणि मग व्हिनेगर घातलेल्या निळ्या शाईत बुडवायच्या. धुतल्यावर मुळाची शाई निघून जाते, बुरशीची जात नाही. सूक्ष्मदर्शकात निळे धागे दिसले की घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "नांदतेय हो."

एकदा माझी आई राहायला आली होती. सकाळी उठून तिने हौसेने त्याच कुकरात मुगाची खिचडी लावली. मला कळलं तेव्हा ताटं वाढून झाली होती. आईचा चेहरा पडला, माझी तर जमिनीत गडप व्हायची वेळ आली. ताईंनी मात्र खिचडी दोनदा मागून घेतली. "आई, या घरातलं सगळ्यात स्वच्छ भांडं हेच," त्या म्हणाल्या. "वरणाचा कुकर मी अजून तपासलेला नाही." आई हसली तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. दुपारी ताईंनी गुपचूप त्या कुकरच्या दांड्याला लाल दोरा बांधला.

कुंड्यांतली मूळ माती करी रोडच्या एका बंद गिरणीच्या आवारातली. रंगखात्यामागे, जिथे काही उगवू नये अशा जागी, गवत माजलं होतं. रखवालदाराला पटवून ताईंनी पिशवीभर माती आणली आणि त्या गवताच्या मुळांत त्यांना ही बुरशी सापडली. पुढची सगळी वर्षं त्यांनी तिच्यावरच काम केलं. आता तिथे टॉवर आहे आणि खाली गाड्यांचे मजले. कॉलेजातल्या कुंड्या ताई निवृत्त झाल्यावर कुणी ठेवल्या नाहीत. राहिल्या त्या आमच्या गॅलरीतल्या.

ताई हॉस्पिटलात असतानाच आमच्या इमारतीची दुरुस्ती निघाली. गॅलरीला टेकू लागले, कामगारांनी कुंड्या उचलून जिन्याखाली ठेवल्या आणि आमच्या लक्षात येईपर्यंत ज्वारी पार वाळून गेली. ताई रोज विचारायच्या, "ज्वारी कशी आहे?" हे म्हणाले, "कशाला सांगतेस? तिच्या जीवाला घोर." पण ताईंशी खोटं बोलणं मला कधी साधलंच नाही. "ताई... ज्वारी वाळली," मी सांगून टाकलं. त्यांनी मास्क बाजूला केला. "वाळू दे गं. पाणी तुटलं की बुरशी बीजाणू धरते आणि मातीत पडून राहते. परत पेर." आणि चक्क हसल्या. मी मान डोलावली, पण तेव्हापासून एकच गोष्ट मनाला टोचत राहिली. ही बाई शास्त्र सांगतेय, की मला बरं वाटावं म्हणून बोलतेय? आईची खिचडी दोनदा मागून घेणारी बाई ती. आयुष्यभराचं काम जिन्याखाली मेलं हे गिळून त्या गेल्या असतील तर... हा विचार मला झोपू देईना.

तेरावा झाल्यावर मी जिन्याखालच्या कुंड्यांतली ढेकळं फोडली, लाल दोऱ्याच्या कुकरात नवी माती शिजवली, दोन्ही एकत्र करून खिडकीत ज्वारी पेरली. ह्यांना वाटलं, मी मन रमवतेय. गेल्या रविवारी मुळं काढली, उकळली, शाईत घातली. इतकी वर्षं बघून बघून सगळं हातात बसलं होतं. पहिल्या मुळात काहीच नाही. दुसऱ्यातही नाही. तिसऱ्यात एक निळा धागा, पेशींच्या मधून वाट काढत गेलेला, आणि त्याला पेशींच्या आत फुटलेली इवली इवली झुडपं. मी ह्यांना हाक मारली. हे कितीतरी वेळ डोळा लावून बसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे तिला ठाऊक होतं." ताई गेल्यापासून मी पहिल्यांदा मोकळेपणी रडले, आणि त्या रडण्यात दुःख फारसं नव्हतंच.

नंतर कुकर घासून पालथा घातला. दांड्याचा दोरा पार विटला होता, तिथे नवा लाल दोरा बांधला. आणि ओट्यापाशी उभी राहून, घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "नांदतेय हो, ताई."