व्याह्यांचं नेसण

लेकीच्या लग्नात नवरदेवाचे वडील आमच्याच घरी उतरले होते. मुलीकडच्यांकडे व्याही मुक्कामाला, हे आमच्या वाडीत चर्चेला पुरेसं होतं. पण हॉटेलात जिने होते, आणि अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्यांचा डावा हात कामातून गेला होता. शिवाय त्यांची बायको वारलेली. एकट्या माणसाला हॉटेलात ठेवायचं नाही, असं माझ्या नवऱ्याने ठरवलं. जावई स्कॉटलंडचा. लग्नात वडील त्यांच्याकडचा जुना वेश नेसणार, हे त्याने आधीच सांगितलं होतं. शिवलेला घागरा नाही, तर चौकड्यांचं लोकरीचं लांबच लांब कापड. निम्मं कमरेखाली चुण्या घालून, उरलेलं वर खांद्याशी.

"ग्रेट किल्ट," लेक म्हणाली. "आई, तू बघत राहशील."

ते खरं झालं, पण तिला हवं तसं नाही.

लग्नाच्या सकाळी सगळे गोखिवऱ्याच्या हॉलवर गेले. गौरीहराची अन्नपूर्णा घरी राहिली म्हणून मी एकटी रिक्षाने परत आले. व्याह्यांना न्यायला दुसरी गाडी यायची होती. माझं माझं मी नेसतो, असं त्यांनी मुलाला बजावून पाठवलं होतं.

दार उघडलं तर व्याही बाहेरच्या खोलीत जमिनीवर उताणे पडलेले. मी किंचाळले.

"पडलो नाही," ते घाईघाईने इंग्रजीत म्हणाले. "असंच नेसतात."

माझं इंग्रजी बारावीपुरतं, पण एवढं कळलं. आधी जमिनीवर पट्टा टाकायचा, त्यावर कापड पसरून चुण्या घालायच्या, मग त्यावर आडवं व्हायचं, दोन्ही बाजूंचे पदर पोटावर आणायचे आणि पट्टा आवळून उठायचं. चुण्या त्यांनी एका हाताने, कशा कोण जाणे, नीट घातल्या होत्या. पण एका हाताने बक्कल लागेना, आणि आता उठताही येईना. अंगात लांब शर्ट होता, तो गुडघ्यापर्यंत यायचा. तरी मी मान वळवली. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

मी हात दिला. ते उठले आणि सगळ्या चुण्या सुटून पायाशी पडल्या. ते कापड पोटाशी धरून उभे राहिले, एवढा मोठा माणूस, लहान मुलासारखा.

मग त्यांनी आतली बाजू दाखवली. त्यांच्या बायकोने कापडाला आतून छोटे छोटे बंद फाशांसारखे शिवून ठेवले होते. त्यातून दोरी गेली की ती ओढायची, चुण्या आपोआप पडतात, आडवं व्हावं लागत नाही. दोरी कमरेला बांधायची आणि वरून पट्टा. पण सकाळी ओढताना ती जुनी दोरी तुटली होती. म्हणूनच त्यांनी जमिनीवरचा मार्ग धरला होता.

परकराची नाडी घालायला किती वेळ लागतो? मी आत जाऊन माझ्या नव्या परकराची नाडी ओढून काढली, सेफ्टी पिन लावून त्या बंदांतून फिरवली. आमचं दार रस्त्यावरून दिसतं. बाहेरून कोणी बघेल म्हणून मी ते लोटलं. तेवढं करायला नको होतं. मी गुडघ्यांवर बसून, तोंडात पिना धरून, व्याह्यांच्या कमरेला नाडी आवळत होते, आणि दार ढकलून जाऊबाई आत आल्या.

"तुला एवढा वेळ का लागला बघायला आले," त्या म्हणाल्या. मग आमच्या दोघांकडे बघून म्हणाल्या, "चालू दे."

तोंडात पिना असल्यामुळे मला काही बोलताही आलं नाही. मी घाईने निरगाठ मारली, वरून चामड्याचा पट्टा लावला, मागे लोंबणारं कापड गोळा करून डाव्या खांद्यावर पिनेने टाचलं. ते वाकून "थँक यू" म्हणाले. मी पाटावरची अन्नपूर्णा उचलून बाहेर पडले.

हॉलवर सगळे त्यांच्याकडेच बघत होते. ते दिसतही होते रुबाबदार. मंगलाष्टकं चालू झाली तेव्हा मी अक्षता घेऊन समोर उभी होते. तिसऱ्या की चौथ्या अष्टकाला मला पट्ट्याखालून लोंबणारी पांढरी नाडी दिसली. गोंडा लावलेलं टोक. गोंडे मीच हौसेने लावले होते. जाऊबाई शेजारच्या बाईच्या कानाला लागल्या, आणि अक्षता टाकता टाकता ओळीतल्या सगळ्या बायका एकदम व्याह्यांच्या कमरेकडे बघायला लागल्या.

जेवणं होईपर्यंत ते लेकीच्या कानावर गेलं. तिने मला खोलीत ओढलं.

"आई, तू त्यांना नेसवलंस? तुझ्या परकराची नाडी?"

"अगं, दुसरं कोण होतं घरात?"

"मला फोन करायचास. काकांना बोलवायचंस. आणि दार लावून?" तिचे डोळे भरले होते. "मी काय सांगू त्याला?"

 पाठवणीपर्यंत मी व्याह्यांच्या समोर गेले नाही. लेक-जावई हॉटेलवर गेले. संध्याकाळी घरी आल्यावर व्याह्यांनी खोलीच्या दाराशी थांबून माझ्याकडे पाहिलं, काहीतरी विचारायचं होतं. पण ओसरीवर जाऊबाई बसल्या होत्या. मी दूध तापत असल्यासारखी स्वयंपाकघरात गेले. गॅस बंद होता.

दुसऱ्या दिवशी सत्यनारायण. ओसरीवर बायका हार करत होत्या. व्याही बाहेर आले ते त्याच कापडात, चुरगळलेल्या चुण्या, खांद्यावरची पिन तशीच.

"आमचे पूर्वज हेच पांघरून झोपायचे," ते हसत माझ्या नवऱ्याला म्हणाले. "ऊबदार असतं."

मे महिन्यात लोकरीचं कापड.  एका हाताने माझी निरगाठ सुटली नव्हती, आणि सांगणार कोणाला? काल मी लाजेपायी स्वयंपाकघरात पळाले आणि त्यांनी रात्र घामात काढली.

"थांबा," मी म्हणाले. तिथेच, सगळ्यांच्या समोर, मी खाली बसले आणि पट्टा सोडला. गाठ घामाने घट्ट झाली होती. नखांनी सुटेना. शेवटी दातांनी ओढली. हार करणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. माझे कान इतके तापले की फुलांचा वासही येईना. माझा नवरा आत गेला, आपली धुतलेली लुंगी घेऊन आला, आणि व्याह्यांच्या भोवती दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.

गाठ सुटल्यावर व्याह्यांनी जो श्वास सोडला तो अंगणापर्यंत ऐकू गेला असेल. लुंगी नवऱ्यानेच बांधून दिली. मग ते ओसरीच्या कठड्यावर बसले आणि दोन कप चहा प्यायले. कोणी हसलं नाही. जाऊबाईंनी तेवढ्यात हार पुरा केला.

आता लेक तिकडे आहे. व्हिडिओ कॉल करते, कधी सासरेही येतात, उजवा हात हलवतात. मी नमस्कार करते. कसे आहात, पाऊस पडतो का, एवढंच बोलणं होतं. पण त्यांचा चेहरा दिसला की माझी मान आजही खाली जाते, आणि लेक तिकडून म्हणते, "आई, वर बघ ना."