उलट्या पायांची मगर

महाडच्या बाजारपेठेत माझं शिलाईचं दुकान आहे. शाळांचे गणवेश, ब्लाउज, फॉल-पिको, आणि कुणी फारच गळ घातली तर सोफ्याची कव्हरं. रंगभूमीशी माझा संबंध एवढाच, की मला हातवारे केल्याशिवाय बोलता येत नाही. नवरा म्हणतो, तू भाजी आणायला गेलीस तरी एन्ट्री घेतेस आणि निघताना टाळीसाठी थांबतेस. थांबते. भाजीवाल्या बायका एकदोनदा वाजवतातही.

तर एका दुपारी पोलादपूरचा एक तरुण दुकानात आला. मुंबईत नाटक शिकून आलेला. दाढी विरळ, उत्साह दाट. महाड-पोलादपूरच्या कॉलेजातली आणि शाळेतली मुलं घेऊन त्याला आपल्या सावित्री नदीवर गाण्यांचं नाटक बसवायचं होतं.

“काकू, तुम्ही फक्त कपडे बघायचे.”

या ‘फक्त’ने मी आयुष्यात किती वेळा फसले आहे ते सांगत बसत नाही. पुढच्याच रविवारी मी शाळेच्या हॉलमध्ये त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसून पात्रं निवडत होते.

नाटकात मासे होते, बगळे होते, होडीवाला होता, नदी होती, आणि मगर होती. आता महाडकरांना मगरीचं काय वाटतं हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. इतर गावांत पाहुण्यांना देऊळ दाखवतात, आम्ही पुलावर नेऊन पाण्यातली मगर दाखवतो आणि ती आपण स्वतः पाळल्यासारखे उभे राहतो. त्यामुळे आलेल्या प्रत्येक पोराला मगर व्हायचं होतं. पोरांपेक्षा त्यांच्या आईबापांना जास्त.

पाचाडला खाणावळ चालवणारे एक गृहस्थ मुलाला पुढे ढकलत म्हणाले, “बाई, ह्यो बोलत नाय फारसा. पण सरपटतो झकास. दाखव रे!”

आणि त्या मुलाने खरंच हॉलभर सरपटून दाखवलं. नवीन पँटवर.

दुसऱ्या एक बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “तुमच्याकडेच शिवते ना मी सगळं? मग मगर बाहेर कशी जाते ते बघतेच.” मी म्हटलं, बघू. तिसरीलाही म्हटलं, बघू. नाही म्हणायची माझ्या जिभेला सवयच नाही. मी ‘बघू’ म्हणते आणि समोरचा ‘हो’ ऐकून जातो. संध्याकाळपर्यंत मी इतक्या जणांना मगर देऊन बसले होते, की दिग्दर्शकाने डोक्याला हात लावला आणि तोडगा काढला: मगर मोठी करायची, तिच्यात दोन मुलं घालायची, बाकीच्यांना बगळे करून वाटेला लावायचं. पुढची मगर तो सरपटणारा मुलगा. मागची मगर वरंधच्या वरच्या एका वाडीतला कॉलेजचा मुलगा, शांत आणि मजबूत कंबरेचा.

नदी व्हायला मात्र कुणी तयार नव्हतं. नदीने नुसतं उभं राहायचं, आणि शेवटी मगरीला उद्देशून एक गाणं म्हणायचं. पुरात अख्खं गाव बुडालं तेव्हा तू कुठे होतीस, असं नदी मगरीला विचारते. हॉलच्या मागच्या बाकावर एक मुलगी मैत्रिणीची वाट बघत बसली होती, अकरावीतली, डोक्यावर ओढणी. “तू गातेस का गं?” म्हणून मी सहज विचारलं. ती उभी राहिली, डोळे मिटले आणि गायली. माझ्या बांगड्यासुद्धा गप्प झाल्या. नदी मिळाली.

दुसऱ्या दिवशी नदीचे वडील दुकानात आले. मला वाटलं, नको म्हणायला आले. ते कतारला एसीचे डक्ट बसवायचं काम करत, आणि दोन वर्षांनी सुट्टीवर आले होते. उभ्याउभ्याच म्हणाले, “ताई, नाटक कधी हाय ते नक्की सांगा. माझं विमान त्याच्या आधी नको.”

“बसा तरी.”

बसले. मग हळूच म्हणाले, “पोरीचं सगळं मी मोबाईलमध्येच बघितलंय. सायकल शिकली ते, शाळेतलं बक्षीस, ईद, सगळं. एकदा समोर बसून बघायचंय. बस, एवढंच.”

एवढंच! आणि मी काय म्हणाले? “बघू” नाही म्हणाले. मी छातीवर हात ठेवून, अगदी तिसऱ्या अंकातल्या आवाजात म्हणाले, “ती जबाबदारी माझी.”

ही जबाबदारी कशाच्या जोरावर घेतली, देव जाणे. हॉल माझा नाही, तारीख माझी नाही, विमान तर नाहीच नाही.

मुलगीही वस्ताद. तिने बापाला बजावलं, “अब्बा, तालमीला यायचं नाही. त्या दिवशीच बघायचं, पहिल्या रांगेतून, अख्खं.” म्हणून बिचारे तालमीच्या वेळी माझ्या दुकानात येऊन बसायचे. आणि माझ्या दुकानात रिकामा बसलेला माणूस मी कधी तसा राहू देत नाही. मी त्यांच्यापुढे मगर टाकली.

त्यांनी जी मगर केली तशी सावित्रीतही नसेल. तारेच्या रिंगा वळवल्या, त्यांवर मी हिरवं कापड शिवलं, चुण्याचुण्यांचं. एसीची हवा नेणारी नळी असते ना, ताणली की लांब आणि सोडली की आखूड, तसं तिचं पोट. जबड्याला आतून दोरी. डोळ्यांना गाडीचे लाल दिवे. शेपूट जमिनीवर लोळणारं, दोन हात लांब. गिऱ्हाईक ब्लाउज न्यायला यायचं आणि दारातच किंचाळायचं. आम्ही दोघं फार खूश व्हायचो.

इकडे तारीख सरकत होती. पहिल्या तारखेला हॉल कुणाच्या तरी सत्काराला गेला. दुसऱ्या तारखेला माईकवाल्याने हात वर केले, “शिमगा हाय, मी गावाला चाललो.” मी हॉलवाल्याकडे जाऊन रडवेलं तोंड केलं, माईकवाल्याकडे जाऊन चिडकं तोंड केलं. दोघांनीही मला चहा पाजला. तारीख कुणीच हलवली नाही. नदीचे वडील रोज विचारायचे, “ठरलं का, ताई?” आणि मी मशीनमध्ये दोरा ओवत बसायचे. शेवटी जी तारीख मिळाली ती त्यांच्या विमानाच्या आदल्या दिवसाची. त्या संध्याकाळी नाटक, दुसऱ्या दिवशी सकाळी वीर स्टेशनवरून मुंबई, मग पुढे. यानंतर तारीख उरतच नव्हती.

आणि तेव्हा मागची मगर म्हणाली, “काकी, त्या दिवशी आमच्याकडे पालखी येऊ शकते.”

आमच्या भागात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. ती आपल्या दारात नाचवायची असते, आणि त्यासाठी मुंबईचे चाकरमानीसुद्धा रजा टाकून येतात. त्या मुलाचा बाप नव्हता, भाऊ नव्हता. आपल्या दारात पालखी आली आणि खांदा द्यायला घरातलाच कुणी नाही, असं कसं चालेल?

“पण येणार किती वाजता?” दिग्दर्शकाने घड्याळाकडे बघत विचारलं. मुंबईत शिकून आला होता ना.

“ते पालखीलाच माहीत,” मुलगा म्हणाला.

यात थट्टा नव्हती. एकेका घरासमोर ती किती वेळ नाचेल याचा काही नेम नसतो. “दुपारपर्यंत उरकेल, मग बाईक मारून येतो,” असं म्हणून तो गेला. दुसरा मुलगा बसवायला वेळ नव्हता, आणि बसवायचा तरी कुठला? उरलेले सगळे बगळे मगरीवर रुसलेले.

नाटकाच्या संध्याकाळी नदीचे वडील सगळ्यात आधी आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, अत्तर, पहिल्या रांगेच्या मधोमध. मोबाईल बंद करून खिशात टाकला, आणि तो बंद असल्याची पुन्हा एकदा खात्री केली.

विंगेत मी मागच्या मगरीला फोन लावत होते.

“आली का रे पालखी?”

“वाडीत आली, काकी! शेजारच्यांकडं नाचते हाय.”

त्याच्या मागे ढोल. मी ओरडले, “त्यांना सांग आवरतं घ्या!”

“काय?”

“आवरतं घ्या म्हणावं!”

“देवाला?”

मी फोन ठेवला. परत लावला तेव्हा ढोल इतका जवळ होता, की पालखी त्याच्या दारात आली हे मला न सांगता कळलं. वरंधच्या वरून महाडला यायचं, तेही खांद्यावरची पालखी उतरल्यावर. इकडे बगळ्यांचं गाणं सुरू झालं होतं. होडीवाला होडी घेऊन येऊन गेला. दिग्दर्शक घामाने निथळत होता.

“काकू, मगरीत कुणीतरी घाला. कुणीही!”

मी घुसायचा प्रयत्न केला. खरंच केला. माझा अर्धा भाग मगरीत गेला आणि उरलेल्याने नकार दिला. मला बाहेर ओढायला तीन बगळे लागले.

त्या धडपडीत पडदा हलला असणार, कारण मान वर केली तर समोर नदीचे वडील. पहिल्या रांगेतून उठून मागच्या दाराने आलेले.

“पोरगं आलं नाय का?”

“येतंय,” मी म्हटलं. “तुम्ही जा. जागेवर बसा. कुणी उठवलं तुम्हाला?”

त्यांनी मगरीकडे बघितलं, स्टेजकडे बघितलं. मुलगी पलीकडच्या विंगेत निळ्या कपड्यात उभी होती, तिला इकडचं काही दिसत नव्हतं. “मगर नाय गेली तर ती गाणार कुणाला?” असं म्हणून त्यांनी चपला काढल्या, शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

“अहो, आतून काहीही दिसत नाही! पुढच्या पोराची कंबर दिसते फक्त!”

“माहीत हाय. मीच बनवलीय.”

आणि ते वाकून आत गेले. मी काय करू शकत होते? गळ्यात मोजायची टेप, हातात कात्री, आणि माझ्या शब्दावर विसंबलेला माणूस मगरीच्या पोटात. मगर निघाली. ती विंगेतून सुटता सुटता मी शेपटाची शिवण धरली आणि दिसेल तिथे कात्री चालवली. चार बोटांची फट झाली असेल. फट केल्यावर लक्षात आलं, की माणसाचं तोंड पुढे असतं आणि शेपूट मागे. हा उजेड त्यांच्या पाठीवर पडणार.

मगर मधोमध पोहोचली. नदी आली. पेटीवर सूर धरला. आणि मगरीच्या पोटात काहीतरी प्रचंड हलायला लागलं. पोट फुगलं, दबलं, गरगरलं. मग थांबलं. पाहते तर मगरीचे पुढचे पाय एका दिशेला आणि मागचे पाय बरोबर उलट्या दिशेला. नदीचे वडील आत फटीकडे वळले होते!

हॉल हशाने फुटला. पुढच्या मगरीला यातलं काही माहीत नव्हतं. तो तालमीप्रमाणे नदीकडे सरकायला लागला, मागची मगर जागची हलेना. आणि ते एसीच्या नळीचं पोट! ते लांबायला लागलं. लांबलं, आणखी लांबलं. लोक खुर्च्यांवरून खाली यायचे बाकी होते. दिग्दर्शक माझा दंड धरून “काकू, काकू, काकू” एवढंच म्हणत होता.

नदीने आधी मगरीच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिचं लक्ष मागे गेलं, बोटं ओळखीची असलेल्या त्या दोन अनवाणी पावलांकडे. ती चालत मगरीला वळसा घालून शेपटाशी आली.

“तोंड तिकडे! तोंडाला गा!” दिग्दर्शक विंगेतून दबक्या आवाजात किंचाळला.

ती खाली बसली. फट जमिनीपासून वीतभर उंचीवर होती, म्हणून ती स्टेजवर मांडी घालून बसली, मान कलती केली, डोळे मिटले, आणि मगरीच्या शेपटाला विचारायला लागली, गाव बुडत होतं तेव्हा तू कुठे होतीस.

लोक आणखी थोडा वेळ हसले. मग थांबले. ज्यांच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून आहे ती सगळी माणसं समोर बसली होती.

नाटक संपल्यावर मी मागच्या पायऱ्यांवर गेले. नदीचे वडील कंबर धरून बसले होते. शर्टाचं फडकं झालेलं, केसांत हिरवे दोरे. मला विचारायचा धीर होईना. तेवढ्यात धाडकन बाईक थांबली, आणि वरंधचा मुलगा नखशिखांत गुलालात धावत आला.

“काकी, आलो! घुसू आता?”

मी त्याला फटका दिला आणि त्याच्या हातातला पालखीचा प्रसाद घेतला.

मग नदीचे वडील आपणहून म्हणाले, “गाताना डोळे मिटून एकदम थांबते ती. मोबाईलवर मला दर वेळी वाटायचं, नेट अडकलं.”

एवढ्यात मुलगी आली, निळ्या कपड्यातच, धापा टाकत. “अब्बा, दिसलं का?”

“सगळं दिसलं, बेटा.”

“गाणं म्हणतानाही? अख्खं?”

“सगळं.”

तिने माझ्याकडे बघितलं. फट केवढी होती हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मी टेप गुंडाळत गप्प बसले. हे मला आयुष्यात फारसं कधी जमलेलं नाही.