ज्युलियसचे नवे टायर

चौक गावच्या ज्युलियसकडे गाडी होती, हे खरं. पण त्या गाडीला टायर होते की नाही, यावर गावात दोन मतं होती. उत्तनच्या बाजूने भाईंदर स्टेशनापर्यंत भाडी मारणारी ती काळी, चौकोनी गाडी त्याने दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधी घेतली, तीही जुनी. चाकांवरची नक्षी तेव्हाच पुसट होती. पुढे ज्युलियसच्या डोक्याबरोबर तीही गुळगुळीत झाली, आणि दोन्ही टकलांबद्दल कुणी बोललेलं त्याला खपत नसे.

टायर कधी बदलावा, हा प्रश्न मोटारवाल्याला वर्षा-दोन वर्षांनी पडतो. ज्युलियसला तो रोज पडायचा आणि उत्तर रोज "अजून न्हाय" असंच यायचं. पावसाआधी बदलावा तर नवा टायर चिखलात जाणार. पावसानंतर रस्त्यातले दगड उघडे पडलेले. उन्हाळ्यात रबर तापतं. राहता राहिला नाताळ, पण तेव्हा भाडी इतकी की चाकं काढायला सवड कुणाला! मिठागरांचा एक गुजराती व्यापारी गाडीत चढण्याआधी वाकून बघायचा. "ज्युलियसभाई, ये टायर है के पापड?" म्हणायचा आणि बसायचा, कारण दुसरी गाडी नव्हती.

गंमत म्हणजे नवे टायर घरातच होते. लढाई मलायात, म्हणजे रबराच्या मळ्यांत, पोचायच्या जरा आधी त्याने मुंबईहून मागच्या चाकांसाठी जोडी आणली होती. पुढे बाजारातून रबर गडप झालं, टायरला परमिट लागू लागलं, तेव्हा ज्युलियसने ती जोडी माळ्यावर चढवली. आल्यागेल्याने आधी मान वर करून टायरांचं कौतुक करायचं आणि मगच पाणी मागायचं, असा त्या घरचा रिवाज झाला.

बायको कॉनी मात्र त्या गाडीत एकदाही बसली नव्हती. लोक ज्युलियसला चिक्कू म्हणायचे, पण ते तितकंसं खरं नाही. त्याचं बायकोवर प्रेम होतं, आणि सगळा घोटाळा तिथेच होता. "फाटक्या टायरवर माज्या बायकोला बसवणार न्हाय," तो छाती काढून सांगायचा. "नवे चढतील त्या दिवशी पयली फेरी तिची. तारोडीला, तिच्या आईच्या दारात." दुसऱ्यांच्या बायका त्याच फाटक्या टायरांवर बसून खुशाल हिंडत होत्या. त्यांच्यावर त्याचं प्रेम नव्हतं.

कॉनीला दुसरं काहीच नको होतं. लग्न होऊन ती बैलगाडीतून सासरी निघाली, तेव्हा तिची आई रोझाबाय गाडी दिसेनाशी होईपर्यंत दारात उभी होती. आता त्याच दारात मोटारीतून उतरायचं आणि ते आईने बघायचं, एवढीच तिची हौस. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की ती टोपली घेऊन पायीच तारोडीला जायची. म्हातारी हसून विचारायची, "जावयाचे टायर पिकले का गो?"

टायर पिकवण्याचं काम जोरात चालू होतं. त्यासाठी ज्युलियसने सल्ला घेतला तो गोवर्धन तांडेलाचा. हा गोवर्धन भाईंदरच्या खाडीतला होड्यांचा जाणकार. होडीच्या फळीवर बोटांनी टकटक करून ती अजून किती मोसम काढेल हे तो सांगायचा, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. त्याने नव्या टायरवर टकटक केली, कान लावला आणि मान डोलावली.

"माल झ्याक हाय. पन कोरडा ठेवू नको. पावसात होडी वर घेतो तवा आपन काय करतो? मुशीचं तेल चोळतो. तेल प्यालेली वस्तू मरत न्हाय."

होडीला जे चालतं ते टायरला का चालू नये? दर पावसाळ्यात, होड्या किनाऱ्यावर आल्या की, ज्युलियस माळ्यावर चढायचा आणि पोराला न्हाऊ घालावं तसं टायरांना तेल चोळायचा. घरभर मुशी माशाचा वास. गावातली मांजरं त्या माळ्याखाली मुक्कामाला. जुन्या टायरांना मात्र तेलाचा थेंब मिळाला नाही. म्हाताऱ्यांवर तेल कशाला उधळायचं?

लढाई संपली, टायर माळ्यावरच. मग रोझाबायची नजर अधू व्हायला लागली. कॉनीने सांगितलं, "आईला आता अंधुक दिसतंय. काय ते लवकर कर." ज्युलियस कळवळला. "एवढा पाऊस जाऊ दे," म्हणाला. मला त्या माणसाचा अजून राग येतो. पाऊस गेला, आणि त्याबरोबर म्हातारीची उरलीसुरली नजरही गेली.

त्या रविवारी कॉनी टोपली घेऊन निघाली नाही. लग्नातलं लाल लुगडं नेसून ओट्यावर बसली. "आई बघनार न्हाय, पन भोंगा तरी ऐकंल. आज चढव."

टायर खाली आले. हाताला चिकट लागत होते, अंगाने सुजल्यासारखे. "तेल अंगी लागलंय," गोवर्धन कौतुकाने म्हणाला. गाव जमलं. कॉनी पुढच्या सीटवर बसली, गाडी निघाली आणि गावच्या क्रूसापर्यंत गेली. तिथे एक टायर पाण्यात पडलेल्या पावासारखा रस्त्यावरच सुटत गेला. ट्यूब फाटकन फुटली. उतरून बघतात तर दुसऱ्याचीही तीच गत. गोवर्धनाने त्याच्यावर टकटक केली, तर बोट आत रुतलं. त्याला एकदम भाईंदरची कामं आठवली.

ज्युलियस डोकं धरून खाली बसला. कॉनीने रबराचा एक लगदा उचलला, हुंगला आणि टाकून दिला.

"जुने चढव."

"त्यांच्यावर तुला कसा बसवू, कॉनी? काय झालं म्हंजे?"

"इतकी वर्सं सगळा गाव बसतोय. मी काय काचेची हाय?"

जुने चढले. तारोडीपर्यंत पंक्चरसुद्धा झालं नाही. इतकी वर्षं लांबवलेला तो रस्ता ज्युलियसला इतका छोटा कधीच वाटला नव्हता.

दारात त्याने भोंगा वाजवला, पुन्हा पुन्हा वाजवला. रोझाबाय भिंत धरत बाहेर आली. कॉनी मोटारीतून उतरली, आईचा हात धरून तिने तो बॉनेटवर ठेवला, दिव्यावर ठेवला. म्हातारी चाचपडत खाली वाकली. तिचा हात पुढच्या टायरवरून सावकाश फिरला.

"किती गुळगुळीत गो! जरा खरखर न्हाय." तिचं तोंड हसण्याने भरून गेलं. "नवे हायत ना?"

ज्युलियस जमिनीकडे बघत उभा होता. कॉनीने एकदा त्याच्याकडे बघितलं.

"होय आई," ती म्हणाली. "नवेच हायत. तुज्यासाठीच ठेवले होते."